जीपचे दोन बुटके दांडे

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. पूर्ण टाळलं असंही नाही. घरी हसतखेळत ती मी पुष्कळदा सांगितली आहे: दसऱ्याला ऑफिसच्या जीपची पूजा केली, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि दोनच दिवसांनी जीप मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्यात बसली. लोक हसतात. मीही हसतो आणि तिथेच थांबतो. पुढचं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती आता नाही.

गेल्या उन्हाळ्यात जावयाची मोठी गाडी बंद पडली. चारही चाकं ओढणारी, उंच, आता सगळीकडे दिसते तसली. वर्कशॉपवाल्याने त्याला फोनवर सांगितलं की ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ओढ वाटून देणारी मधली पेटी, गेली, कारण तुम्ही मागचे दोनच टायर नवे टाकलेत. जावई मला म्हणाला, "बाबा, टायरमुळे गिअरबॉक्स कसा जाईल? हे लोक काहीही सांगतात." मी त्याला समजावून सांगितलं. नवा टायर घेराने मोठा, झिजलेला लहान. चारही चाकं एकमेकांना जोडली की लहान चाकाला जास्त फिरावं लागतं, मोठ्याला कमी, आणि दोघांमधली ओढाताण मधल्या पेटीवर येते. चिखलात चाक घसरून मोकळं होतं. डांबरावर त्याला घसरता येत नाही. मग पेटी तापते, दांडा अडकतो, दाते तुटतात.

तो माझ्याकडे बघतच राहिला. तुम्हाला हे कसं ठाऊक, म्हणाला. ऑफिसात जीप होती, एवढं बोलून मी पाणी प्यायला उठलो. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही. काही भाग मला अगदी स्वच्छ दिसतो आणि काही भाग, जो खरं तर महत्त्वाचा, तो मागेपुढे होतो. जसं आठवतं तसं लिहितो.

साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. शेतांना बांध घालायचं काम चालायचं, त्यासाठी साहेबांना गावोगाव फिरावं लागे. ऑफिसला एक जीप होती. लष्कराने काढून टाकलेली, हिरव्या रंगावर पुन्हा हिरवा रंग दिलेली. तिच्यात ड्रायव्हरच्या बाजूला जमिनीतून तीन दांडे वर आलेले असत. एक लांब, तो रोजच्या गिअरचा. त्याच्या शेजारी दोन बुटके. त्या दोघांचं काम काय, हे ऑफिसात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो म्हणजे आमचा ड्रायव्हर.

तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा होता. लढाईच्या काळात फौजेत गेला होता, ब्रह्मदेशाच्या जंगलात त्याने असल्याच जीपा चालवल्या होत्या. बोलायचा कमी. गाडी धुताना मात्र तिच्याशी बोलायचा. मी त्याला "तू" म्हणायचो आणि तो मला "तुमी" म्हणायचा. मी बाबू होतो आणि तो ड्रायव्हर होता, म्हणून असेल. दुसरंही कारण असेल. तेव्हा मी त्याचा विचार केला नव्हता. त्याने आणि त्याच्या सगळ्या मोहल्ल्याने दीक्षा घेतल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. दर दसऱ्याला तो बायकोमुलांना घेऊन नागपूरला जायचा. त्यासाठी महिनाभर आधीच सुट्टीचा अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवायचा, आणि मंजूर झाला का हे रोज विचारायचा.

तो पाच वर्षं टेंपररीच होता. त्या वर्षी त्याला कायम करण्याचा कागद निघाला होता. तो कागदही माझ्याच टेबलावरून पुढे गेला होता. कायम झाला असता तर क्वार्टर मिळालं असतं, म्हातारपणी पेन्शन. एकदा पंपावर पेट्रोल भरत असताना तो मला सहज म्हणाला होता, "बाबू, कागद आला का मी पोरीले मॅट्रिकपर्यंत शिकवतो. मंग पुढचं तिनं पाहावं." हे मला स्वच्छ आठवतं.

त्यानेच मला त्या दोन दांड्यांबद्दल एकदा सांगितलं होतं. चिखलदऱ्याच्या खाली एका नाल्यात जीप रुतली होती, तेव्हा त्याने त्यातला एक दांडा मागे ओढला आणि जीप म्हशीसारखी उठून बाहेर आली. "हा मांग घेतला का चारी चाकं ओढते. पन हे चिखलाचं काम हाय. डांबरावर लावला का गाडी मरते." आता माझी अडचण अशी, की हे त्याने दसऱ्याच्या आधी सांगितलं की नंतर, ते मला ठरवता येत नाही. नाल्यात पाणी होतं, म्हणजे पावसाळा. पण कुठल्या वर्षाचा? आधी सांगितलं असेल तर मी अधिक दोषी ठरतो, नंतर असेल तर थोडा कमी. कदाचित म्हणूनच ठरत नसेल. पण नंतर तर तो जीप चालवतच नव्हता. हे मला लिहिता लिहिता आत्ता लक्षात येतं आहे. म्हणजे आधीच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची. टाइपरायटर, सायक्लोस्टाइलचं यंत्र, मोजणीच्या साखळ्या आणि जीप. आधीच्या ड्रायव्हरच्या वेळी जीपची पूजा ड्रायव्हरच करी. हा करत नसे. दीक्षेनंतर त्याने ते सगळं सोडलं होतं आणि हेडक्लार्कना तसं एकदाच, नम्रपणे, सांगितलं होतं. हेडक्लार्क म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने गृहस्थ, वऱ्हाडी, तोंडाने फटकळ. ते म्हणाले, "बरं हाय लेका, तू जाय नागपूरले. तुया गाडीची पूजा आमी करतो. तिचा काय गुन्हा हाय?" सगळे हसले. तोही थोडा हसला होता. किंवा मला तसं वाटलं.

त्या वर्षी पूजा माझ्याकडे आली, कारण मी सगळ्यांत नवा होतो आणि मला ते आवडायचं. तो आदल्या रात्रीच नागपूरला निघून गेला होता. मी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचे हार घातले, चाकांना कुंकू लावलं. मग आत बसून स्टेअरिंग पुसलं, गिअरचा दांडा पुसला. ते दोन बुटके दांडे ग्रीसने माखले होते, तेही रॉकेलच्या फडक्याने चकचकीत केले. माझ्याजवळ खणाचा एक लाल तुकडा होता. तो दोन्ही दांड्यांवर मिळून टोपीसारखा घालायचा आणि वरून धागा गुंडाळायचा असं मनात होतं. पण एक दांडा पुढे झुकलेला आणि दुसरा मागे. कापड नीट बसेना, वाकडं दिसे. मी पुढचा दांडा मागे ओढला आणि दोन्ही एका ओळीत आणले. मग कापड छान बसलं. वर झेंडूचा छोटा हार घातला.

शेवटी चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. गाडी चालवायचा परवाना कुणाकडे नव्हता, म्हणून सगळ्यांनी मागून ढकलली. मी आत स्टेअरिंग धरून बसलो होतो. लिंबं चिरडली आणि त्याच वेळी माझ्या पायाशी, त्या लाल कापडाखाली, खट् असा आवाज आला. मला वाटलं लिंबाचाच आवाज.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची अकोल्याला बैठक होती. साहेब पुण्याकडचे, वेळेचे पक्के. मला कागदपत्रं घेऊन बरोबर जायचं होतं. ड्रायव्हर पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून थेट ऑफिसात आला. डोळे तारवटलेले, पण अंगावर नवा पांढरा शर्ट. त्याने जीपभोवती एक चक्कर मारली. मला विचारलं की रेडिएटरसमोरचा हार काढू का, हवा अडते, गाडी तापेल. मी काढ म्हटलं. तो हार त्याने काळजीने काढून कुंपणावर ठेवला. मग आत बसला आणि त्या लाल कापडाकडे हात नेला.

मी म्हणालो, "त्याला हात लावू नको. पूजेचं आहे. कोजागिरीपर्यंत राहू दे."

त्याचा हात तिथेच थांबला. तो माझ्याकडे न बघता "बरं" म्हणाला आणि हात पँटला पुसला. हात स्वच्छ होता, तरी पुसला.

हे वाक्य मी का बोललो, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतो आहे. पूजेची वस्तू पाच दिवस हलवायची नाही असं आमच्या हेडक्लार्कांचं म्हणणं होतं, ते खरं. मी ते कापड प्रेमाने बांधलं होतं, तेही खरं. पण त्याच्या जागी दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर मी "हात लावू नको" म्हणालो असतो का? "काढू नको" म्हणालो असतो. मी या दोन शब्दांत अडकतो आणि पुढे जाता येत नाही. एक मात्र नक्की. मी काहीही मनात धरून बोललो असेन, त्याने ते एकाच अर्थाने ऐकलं. त्याला ते ऐकायची सवय होती.

बडनेरा येईपर्यंतच तो अस्वस्थ झाला. वळणावर टायर कुरकुरत होते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की जीप घरंगळत पुढे जायला हवी, ती कुणी धरून ठेवल्यासारखी थांबे. रेल्वेच्या फाटकापाशी गाडी उभी होती, तेव्हा तो खाली उतरला, चाकांना हात लावून पाहिला, वाकून खाली पाहिलं. साहेब पुढच्या सीटवर वर्तमानपत्र वाचत होते. तो मागे माझ्यापाशी येऊन हळू आवाजात बोलला.

"बाबू, गाडी मोकळी नाई चालून राहिली. ते कापड काढून पाहतो एकडाव."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि काय झालं असं विचारलं. मी म्हणालो, काही नाही साहेब. आणि त्याला म्हणालो, "अकोल्याला पाहू."

फाटक उघडलं.

मूर्तिजापूरच्या पुढे गेल्यावर खालून किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला. तो गाडी अगदी हळू चालवत होता. साहेब दोनदा चिडले. तिसऱ्यांदा ते काही बोलणार एवढ्यात धाडकन आवाज झाला, जीपने एक उडी मारली आणि थांबली. मागे रस्त्यावर काळ्या तेलाची लांब रेघ. ड्रायव्हर उतरला नाही. त्याने धागा तोडला, हार काढला, कापड ओढलं. दोन्ही दांडे एका ओळीत. एक पुढे ढकलून पाहिला, तो हलेना. पायाने रेटला, तरी हलेना. मग त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि तो हार आणि ते कापड माझ्या हातात दिलं.

साहेब एका ट्रकमध्ये बसून पुढे गेले. आम्हाला दुसऱ्या एका ट्रकने दोराने ओढत अकोल्याला आणलं. तिथल्या एका मुसलमान मिस्त्रीच्या वर्कशॉपात जीप लावली. मिस्त्रीने संध्याकाळपर्यंत पेटी खोलली. ड्रायव्हर बाहेर हात धूत होता, तेव्हा त्याने मला आत बोलावलं आणि परातीत काढून ठेवलेले तुटलेले दाते दाखवले.

"ये देखो बाबू. मागचे टायर नवे चढवलेले, पुढचे घासून पोळी झालेले. एक आदमी ऊंचा, एक ठेंगना, दोघांचे पाय बांधून डांबर पे दौडाया. और क्या होगा?" मग जरा थांबून त्याने विचारलं, "फ्रंटचा दांडा कोणी लावला? ये ड्रायव्हर तर नाही लावणार. मी याला वळखतो."

मी म्हणालो, मला गाडीतलं काही कळत नाही.

मिस्त्रीने मान हलवली. त्याने कागदावर खरं तेच लिहिलं: डांबरी रस्त्यावर चारही चाकं जोडलेली ठेवून गाडी चालवल्याने मोडतोड. कोणी जोडली हे लिहायला कागदावर जागाच नव्हती.

आठ दिवसांनी अमरावतीला साहेबांनी चौकशी घेतली. आदल्या दिवशी हेडक्लार्कनी मला चहाला नेलं आणि समजावलं. ते वाईट माणूस नव्हते. "तू आपला गप राय. ड्रायव्हर नसताना गाडीले हात लावायचा हुकूम कोनालेच नोता. तुयं प्रोबेशन जाईन अन् मायी पेन्शन. त्याचं काय, तो डायवर हाय, कुठंबी स्टेअरिंग धरीन." ऑफिसात दुसरंही एक बोलणं चाललं होतं: पूजेला थांबला नाही, नागपूरला गेला, म्हणून गाडी बसली. हे म्हणणारे लोक मोडलेल्या पेटीचा दोष त्याच्या दसऱ्यावर टाकत होते, आणि मी ते ऐकत होतो. खरं तर पेटी आमच्याच पूजेने मोडली होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

चौकशीत साहेबांनी त्याला विचारलं की निघण्याआधी दांडे तपासणं ड्रायव्हरचं काम नाही का. तो म्हणाला, आहे साहेब. मग का तपासले नाहीत? तो म्हणाला, वर पूजेचं कापड होतं, हात लावू नको असं सांगितलं होतं. कोणी सांगितलं? त्याने माझ्याकडे बोट केलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. समोर भिंतीकडे बघत म्हणाला, "या बाबूनं."

साहेबांनी मला विचारलं. साहेबांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, त्यात हिरवी फुलं होती. मी त्या फुलांकडे बघत होतो.

"मी असं म्हटल्याचं आठवत नाही," मी म्हणालो.

तेच शब्द जबाबात टाइप झाले. टाइप मीच केले, कारण टायपिस्ट रजेवर होता. आठवत नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. गंमत म्हणा की शिक्षा म्हणा, त्यानंतर काही वर्षांनी मला खरंच नीट आठवेनासं झालं. कधी वाटे, मी नुसतं "राहू दे" म्हटलं होतं. कधी वाटे, त्याने कापडाकडे हात नेला तो खंडेनवमीलाच, पण तेव्हा तर तो नागपूरला होता. मी स्वतःलाच चकवत होतो आणि मला कळत नव्हतं की चकवणारा कोण आणि चकणारा कोण. जावयाला गेल्या उन्हाळ्यात टायरचं समजावलं तेव्हा कुठे सगळं पुन्हा जागेवर येऊन बसलं.

त्याचा कायम होण्याचा कागद परत आला. त्याला गाडीवरून काढून अकोल्याच्या एका गोदामावर चौकीदार केलं. जीप दुरुस्त झाली, नवा ड्रायव्हर आला. पुढच्या खंडेनवमीला मी रजा घेतली.

दीडेक वर्षाने मी एसटीने अकोल्याला गेलो. माझं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी हे सांगून मोकळं व्हावं असं मनाने घेतलं होतं. काय बोलायचं ते बडनेऱ्यापासून जुळवत होतो. साहेबांना लेखी देईन असंही ठरवलं होतं. निदान त्या दिवशी सकाळी तरी ठरवलं होतं.

गोदाम एसटी स्टँडच्या जवळच होतं. तो दारात स्टुलावर बसला होता, खाकी कोट घालून. मला पाहून उठला. आत जाऊन दुसरं स्टूल आणलं, ते कोटाच्या बाहीने पुसलं.

"कावून आले बाबू इकडे?"

मी म्हणालो, अकोटला जायचं होतं, वाटेत थांबलो. हे कुठून सुचलं मला कळलं नाही. अकोटला माझं कुणी नव्हतं आणि काही काम नव्हतं.

त्याने चहा मागवला. मुलगी सातवीत आहे म्हणाला, हुशार आहे. जीपबद्दल विचारलं, पेटी आवाज करते का, नवा ड्रायव्हर तेल बघतो का. मी म्हटलं, चांगली चालते. समोरच्या रस्त्यावरून सरकीच्या गाड्या चालल्या होत्या. तो त्यांच्याकडे पाहत होता. तसंच पाहत त्याने विचारलं,

"बाबू, एक इचारू? तुमाले त्या दिवशी खरंच आठवत नोतं का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "कशाचं?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग कप उचलून बाजूला ठेवला. "काई नाई," म्हणाला. "चला, अकोटची गाडी लागली असन. जागा भेटत नाई मंग."

मी नको म्हणू शकलो नाही. तो माझ्याबरोबर स्टँडवर आला, माझी पिशवी त्याने घेतली, गर्दीत पुढे घुसून खिडकीतून पिशवी टाकून माझी जागा धरली. कंडक्टरला म्हणाला, आमच्या ऑफिसचे बाबू आहेत, नीट उतरवा अकोटला. मी खिडकीत बसलो. तो खाली उभा होता. मी डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, "येतो."

"हाव, या," तो म्हणाला.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा मी बोललो. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून. दांडे मी सरळ केले होते. कापड मी बांधलं होतं. हात लावू नको असं मीच म्हटलं होतं, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मला ते आठवत होतं. माझ्यामुळे तुमची कायमची नोकरी गेली. मला माफ करा. पहिल्यांदाच मी त्याला "तुमची" म्हणालो होतो.

शेजारी मांडीवर टोपली घेऊन बसलेला म्हातारा माझ्याकडे वळला. "काई म्हनलं का जी?"

मी म्हणालो, नाही.